पंच कमिटीला खुलं पत्र: तो कॉमिक्सचा खोका परत बाहेर काढा

आदरणीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सगळे सभासद, आणि संडे स्कूलच्या ताई-दादांनो,

सलाम आणि जय ख्रिस्त.

मागच्या महिन्यातल्या मीटिंगला मी हजर होते, शेवटच्या बाकावर, आणि एक शब्द बोलले नाही. विषय निघाला, पाच-सात मिनिटांत संपला, सगळ्यांनी माना हलवल्या, मीपण हलवली असेन. घरी आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बारा वर्षं झाली मला संडे स्कूलचा वर्ग घेऊन, या पोरांसाठी मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं, ते आता लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय कारण हा प्रश्न एकट्या आपल्या मंडळीचा नाही, दुसऱ्या मंडळ्यांतल्या आयांनीसुद्धा मला विचारलंय की ताई, आपल्या पोरांनी हे सुपरहिरो वगैरे वाचावं का हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. नाताळला आला तेव्हा त्याच्या जुन्या कॉमिक्सचा खोका घेऊन आला, वीसेक पुस्तकं, सगळी मुद्दाम निवडलेली, ज्यांच्यात वर्णद्वेषाचा विषय आहे अशीच, कारण मी मुलांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर धडे घेणार हे त्याला माहीत होतं. खोका वर्गात ठेवला, मुलं तुटून पडली. मग कुणीतरी एक पुस्तक उघडलं. एका पानावर हातात बायबल घेतलेला पाळक आणि तोच खलनायक, दुसऱ्या पानावर निळ्या अंगाचा, टोकदार कानांचा, शेपटीवाला माणूस आणि तो हिरो. झालं. मीटिंगमध्ये वाक्य आलं की लेकरांना आपण पाळकांचा द्वेष आणि सैतानाचं कौतुक शिकवणार आहोत का. खोका स्टोअररूमच्या कपाटात गेला, कुलूप लागलं, आणि आपल्याच एका बारा वर्षांच्या मुलाने त्या निळ्या माणसाचं चित्र काढून बोर्डावर लावलं होतं तेही उतरवलं गेलं.

तर आधी त्या पुस्तकाबद्दलच बोलते, कारण ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणी वाचलंय असं मला वाटत नाही.

ते १९८२ चं आहे, एक्स-मेनचं, म्हणजे जन्मतः वेगळ्या शक्ती असलेल्या सुपरहिरोंच्या टोळीचं. ख्रिस क्लेअरमॉन्टने लिहिलेलं, ब्रेंट अँडरसनने चितारलेलं. नावाचा सरळ अर्थ होतो 'देव प्रीती करतो, माणूस जीव घेतो'. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात दोन भावंडं पळताहेत, दोघंही काळी, दोघंही म्यूटंट म्हणजे जन्मतः वेगळी, आणि स्वतःला शुद्धीकरण करणारे म्हणवणारी माणसं त्यांना गोळ्या घालतात आणि शाळेच्या मैदानातल्या झोक्याला लटकवून जातात, सकाळी बाकीच्या पोरांनी बघावं म्हणून. या माणसांच्या मागे कोण, तर रेव्हरंड विल्यम स्ट्रायकर, टीव्हीवर प्रवचन देणारा, लाखो लोक ऐकतात असा. तो वचनांवर वचनं म्हणतो आणि त्यातली बरीचशी आपल्याच बायबलमधली आहेत, तीच जी आपण उपासनेत वाचतो. म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. शिव्या देणारा खलनायक असता तर मी दोन मिनिटांत विसरले असते, पण हा माझ्या ओळखीच्या भाषेत बोलतो.

शेवटी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची प्रचंड सभा भरते. तिथे तो त्या निळ्या माणसाकडे, नाइटक्रॉलरकडे बोट दाखवून विचारतो, याला तुम्ही माणूस म्हणता? आणि उत्तर कोण देतं, तर किटी प्राइड नावाची एक पोरगी, ज्यू घरातली, वय जेमतेम शाळकरी. ती म्हणते की हा तुमच्यापेक्षा जास्त माणूस आहे, आणि माझा मित्र की तुमचा देव अशी निवड करायची असेल तर मी माझा मित्र निवडेन.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, खरं सांगते. मी लहानपणापासून पाठ केलेली पहिली आज्ञा आणि हे वाक्य एकमेकांशी भांडत होतं माझ्या डोक्यात. बरेच दिवस गेले. मग एका रविवारी योहानाचं पहिलं पत्र वाचताना चौथ्या अध्यायाच्या शेवटाशी आले, जिथे तो म्हणतो की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसलेल्या देवावर प्रीती करता येणार नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पोरगी 'तुमचा देव' म्हणाली होती. तिने योहानाच्या देवाला नाकारलंच नाही. स्ट्रायकरने जो उभा केला होता, ज्याला एका माणसाला माणूस म्हणायची लाज वाटत होती, त्या देवाला तिने नाकारलं, आणि तो देव मलाही नको आहे.

पुढे स्ट्रायकर त्या पोरीवर पिस्तूल रोखतो आणि त्याला थांबवतं कोण, तर कुठलाच सुपरहिरो नाही, सभेला बंदोबस्ताला असलेला एक साधा पोलीस. डोळ्यांतून किरण सोडणारे, वादळ आणणारे सगळे तिथे उभे आहेत आणि निर्णय घेतो तो पगारी हवालदार. हे पान तरी कमिटीने वाचायला हवं होतं.

आणि आता तो निळा माणूस. कुर्ट वॅगनर त्याचं नाव, १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉकरम यांनी आणलेला. पहिल्याच गोष्टीत जर्मनीतल्या एका गावात मशाली घेतलेला जमाव त्याच्या मागे लागलाय, का, तर तो सैतानासारखा दिसतो. आणि या सगळ्या मंडळीत देवावर सगळ्यात जास्त विश्वास असणारा तोच आहे, कॅथलिक आहे, प्रार्थना करतो, त्याच्या श्रद्धेवर कितीतरी गोष्टी आल्यात. म्हणजे त्या पुस्तकात सैतान दिसतो म्हणून आपण जो काढून टाकला तो तिथला ख्रिस्ती माणूस होता. शमुवेलाला देवाने काय सांगितलं होतं, माणूस बाहेरचं रूप बघतो, परमेश्वर हृदय बघतो. दावीदाच्या अभिषेकाचा धडा शिकवताना मी हे वचन मुलांकडून पाठ करून घेते. त्या मुलाने चित्र काढलं ते याच धड्यानंतर, हे मी मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल की असा पाळक त्यांनी मुद्दाम रंगवला, ख्रिस्ती लोकांना बदनाम करायला. मलाही आधी तसंच वाटलेलं. पण मग मी अमेरिकेतल्या मंडळीचा इतिहास वाचत गेले आणि मान खाली गेली. गुलामगिरीच्या काळात तिथल्या पुलपीटवरून सांगितलं जायचं की नोहाच्या शापामुळे काळी माणसं गुलाम झाली. उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून बघा, शाप कनानाला, म्हणजे नोहाच्या नातवाला आहे, कातडीचा रंग त्यात कुठेच नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं गेलं. आणि गणनेच्या बाराव्या अध्यायावर कुणी प्रवचन करत नव्हतं, जिथे मोशेने कूशी, म्हणजे आफ्रिकेकडची काळी बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन कुरकुर करतात आणि देव मिर्यामला कोड देतो, अंग बर्फासारखं पांढरं होतं. पांढरं! तेच नेमकं वगळायचे.

मग कू क्लक्स क्लान, काळ्या लोकांना छळणारी, मारणारी गोऱ्यांची गुप्त संघटना. १९१५ मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटन डोंगरावर ज्याने क्लान परत उभा केला तो विल्यम सिमन्स आधी मेथडिस्ट प्रचारक होता. जुन्या क्लानमध्ये क्रॉस जाळायची पद्धतच नव्हती, ती कल्पना लोकांमध्ये पसरली ती थॉमस डिक्सन या बाप्टिस्ट पाळकाने लिहिलेल्या कादंबरीतून आणि तिच्यावर निघालेल्या सिनेमातून. आपण ज्याला वधस्तंभ म्हणतो, ज्याच्यापुढे उत्तम शुक्रवारी तीन तास बसतो, तो यांनी पेटवला, शेजाऱ्याला घाबरवायला. हे कॉमिक्सवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, आपल्याच घरातलं आहे.

त्या खोक्यात ब्लॅक पँथरची एक जुनी मालिकाही आहे, १९७६ ची, डॉन मॅकग्रेगरने लिहिलेली. त्यात आफ्रिकेतल्या एका कल्पित देशाचा राजा टचाला जॉर्जियात जातो आणि क्लानची माणसं त्याला जळत्या क्रॉसला बांधतात. चित्रकार होता बिली ग्रॅहम, स्वतः काळा, नाव त्या जगप्रसिद्ध प्रचारकाचंच पण माणूस वेगळा. मालिका पुरी व्हायच्या आधीच ते मासिक बंद पडलं. पण ते एक चित्र. काळा माणूस, हात पसरलेले, लाकडाला बांधलेला, भोवती टोप्या घातलेले स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे. आता सांगा, या चित्रात येशू कुठल्या बाजूला आहे? जेम्स कोन नावाचे काळे ईश्वरविज्ञानी होते, त्यांनी २०११ मध्ये एक पूर्ण पुस्तकच यावर लिहिलं की कालवरीचा वधस्तंभ आणि ज्या झाडांना काळ्या माणसांना लटकवून मारलं ती झाडं एकमेकांशेजारी ठेवून बघितल्याशिवाय अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसाला वधस्तंभ कळणार नाही. कोन यांचं पुस्तक मी नंतर वाचलं, त्या चित्रापुढे बसून रडले होते ते आधीच.

कुलूप लावण्याबद्दलही एक सांगायचंय. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एका कॅथलिक शाळेच्या पोरांनी कॉमिक्सची होळी केली होती, मुलं बिघडतात म्हणून. दबाव वाढत गेला आणि १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली आणली, छापायच्या आधी तपासून घ्यायचं. दोन वर्षांनी ईसी कॉमिक्सने आपली १९५३ ची एक जुनी गोष्ट परत छापायला काढली. एका ग्रहावर केशरी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना कमी लेखतात, पृथ्वीवरून तपासणीला आलेला अंतराळवीर त्यांना नापास करतो, आणि शेवटच्या चित्रात तो हेल्मेट काढतो तर तो काळा माणूस असतो, कपाळावर घामाचे थेंब. तपासणाऱ्यांनी काय बदलायला सांगितलं असेल? त्याचा रंग! प्रकाशक बिल गेन्स भांडला आणि गोष्ट होती तशी छापली म्हणून आज ती आपल्याला बघायला मिळते. ज्या नियमावलीत लिहिलं होतं की कुठल्याही धर्माची किंवा वंशाची टिंगल चालणार नाही, तीच हातात घेऊन बसलेल्यांना एका काळ्या माणसाचा चेहरा आक्षेपार्ह वाटला. त्यांचा हेतूही चांगलाच असेल, मुलांना जपायचाच असेल. म्हणून मला कपाटाच्या कुलपाची भीती वाटते.

आता मला या कॉमिक्समध्ये काय खटकतं तेही मोकळेपणी लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल ताईंना भुरळ पडलीय.

एक्स-मेनचा पहिला अंक स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी काढला, त्याच्यावर तारीख आहे सप्टेंबर १९६३. द्वेष कसा असतो हे या दोघांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, दोघंही ज्यू, एकाचं खरं नाव लीबर, दुसऱ्याचं कर्ट्‌झबर्ग. पण त्याच सप्टेंबरच्या १५ तारखेला, रविवारी सकाळी, अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये क्लानच्या माणसांनी बॉम्ब फोडला. तळघरात चार मुली मेल्या, संडे स्कूल झालं होतं, उपासनेसाठी तयार होत होत्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि एक अकरा. त्या दिवशीचा धडा क्षमा करणाऱ्या प्रीतीवर होता. मी संडे स्कूल घेते हो, माझ्या वर्गात याच वयाच्या मुली आहेत, रिबिनी नीट करत असतात उपासनेआधी. हे वाचून मी किती दिवस नीट वर्ग घेऊ शकले नव्हते. आणि त्याच महिन्याची तारीख असलेल्या त्या पहिल्या अंकातले पाचही विद्यार्थी गोरे होते. जगाने द्वेष केलेल्या, तरी जगाला वाचवणाऱ्या मुलांची गोष्ट, आणि तिच्यात एकही काळं मूल नाही, ते यायला १९७५ उजाडलं, स्टॉर्म नावाची काळी नायिका आली तेव्हा.

शिवाय म्यूटंटच्या हातात खरंच शक्ती असते, एखादा डोळे उघडून भिंत पाडू शकतो, त्याला लोक घाबरले तर त्यात थोडं तरी कारण आहे. बर्मिंगहॅमच्या त्या मुलींना घाबरण्यासारखं काय होतं कुणाला? वर्णद्वेषाला कसलंच कारण लागत नाही, आणि या गोष्टी नकळत त्याला एक कारण पुरवतात. स्ट्रायकरच्या पुस्तकात सुद्धा एका प्रसंगात किटी आपला मुद्दा पटवायला तिच्या काळ्या नृत्यशिक्षिकेच्या तोंडावर काळ्या लोकांसाठीची ती घाणेरडी शिवी वापरते, म्हणजे तुम्हाला कुणी असं म्हटलं तर, या अर्थाने. लेखकाला काय म्हणायचंय ते कळतं, तरी मला ते पटत नाही. दुसऱ्याची जखम आपला मुद्दा मांडायला उघडायची नसते.

निळ्या कातडीसाठी रडणं सोपं असतं, शेजारच्या कातडीसाठी अवघड, आणि गंमत म्हणजे हे एका कॉमिक्समध्येच फार सरळ सांगितलंय. एप्रिल १९७० चा ग्रीन लँटर्नचा अंक, डेनिस ओनील आणि नील अॅडम्स यांचा. एक म्हातारा काळा माणूस त्या हिरव्या अंगठीवाल्या हिरोला विचारतो की तू निळ्या लोकांसाठी काम करतोस, कुठल्यातरी ग्रहावर केशरी लोकांना मदत केलीस, जांभळ्यांसाठी बरंच केलंस, पण काळ्या लोकांसाठी तू कधी काही केलं नाहीस, का बरं? आणि तो हिरो, ज्याच्या अंगठीतून वाटेल ते निघतं, मान खाली घालतो.

या पानावर मी स्वतःला बघितलं. आपण दरवर्षी दूरच्या मिशनसाठी अर्पण गोळा करतो, चांगलंच आहे. पण आपल्याकडे स्थळं बघताना 'मूळचे कोण' हे अजून विचारलं जातं की नाही? कुठल्या आळीतले, कुठल्या गावचे, आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कोण होते? आपल्यातल्या कितीतरी जणांचे पणजोबा वेशीबाहेरच्या वाड्यातून निघून ख्रिस्ताकडे आले ते याच प्रश्नातून सुटायला आले होते. अमेरिकेतला वर्णद्वेष आणि आपल्याकडची जात एकच नाही, दोन्हीचा इतिहास वेगळा, मी एकावर दुसरं चिकटवत नाही. फक्त तो म्हातारा माझ्याकडेच बघत होता एवढं खरं.

आणि ठोशांबद्दल. सुपरहिरोच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी कुणाला तरी ठोसा मारतो आणि प्रश्न सुटतो, यावर माझा विश्वास नाही, आपला प्रभू असा जिंकला नाही. म्हणूनच मला २००३ चं 'ट्रुथ' हे पुस्तक जवळचं वाटतं, रॉबर्ट मोरालेसने लिहिलेलं, काइल बेकरने चितारलेलं. कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोला ज्या औषधाने शक्ती मिळाली तसलं औषध काळ्या सैनिकांवर टोचून बघितलं, बहुतेक सगळे मेले, शेवटी एकटा उरला आणि त्याचं नाव आयझाया, म्हणजे आपला यशया. त्याला शाबासकी नाही, तुरुंग मिळतो. लेखकाच्या मनात अलाबामातलं टस्कीगी गाव होतं, तिथे अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून १९७२ पर्यंत सहाशेच्या आसपास काळ्या पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला आणि आजार असलेल्यांना उपचारच दिले नाहीत. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय वाचा आणि मग हे पुस्तक वाचा, तुच्छ मानलेला, माणसांनी टाकलेला. यापुढे मला काही लिहवत नाही.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल सांगायचंय त्या पुस्तकात केप घातलेला कुणीच नाही. डिसेंबर १९५७ मध्ये फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या ख्रिस्ती शांतिवाद्यांनी सुरू केलेल्या संस्थेने एक सोळा पानांचं कॉमिक छापलं, किंमत दहा सेंट, अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराची गोष्ट, किंग त्यात नायक, आणि मार न देता, मार सोसून अन्यायाशी कसं लढायचं याच्या सूचना, त्यात गांधीजींची गोष्टसुद्धा. सुमारे अडीच लाख प्रती निघाल्या. चर्चमधून, शाळांतून हातोहात वाटल्या गेल्या.

हे कॉमिक ज्यांनी तरुणांना शिकवायला वापरलं त्यांच्यातले एक रेव्हरंड जेम्स लॉसन. आणि हे लॉसन कोण माहीत आहे का? १९५३ मध्ये ते मेथडिस्ट मिशनरी म्हणून आपल्या नागपूरला आले, हिस्लॉप कॉलेजात तीनेक वर्षं राहिले, पोरांना खेळ शिकवले, गांधीजींचा अहिंसेचा मार्ग समजून घेतला. त्याआधी कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात राहून आलेले होते. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय ही बातमी त्यांनी नागपुरात बसून वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परत गेले. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच नागपुरात, बाबासाहेबांनी लाखोंसोबत धम्मदीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पण एकाच शहराने एकाच काळात माणसाच्या अपमानाविरुद्ध उठलेली ही दोन माणसं बघितली, हे मला नेहमी आठवतं.

परत जाऊन लॉसन यांनी टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहरात एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले. एकाने दुसऱ्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून पाडायचं, आणि समोरच्याने हात उचलायचा नाही, याचा सराव. त्या वर्गात जॉन लुइस होता, पाळक व्हायला शिकायला आलेला गरीब शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी घरच्या कोंबड्यांपुढे प्रवचन करायचा. ते दहा सेंटवालं कॉमिक त्याने विद्यार्थी असतानाच वाचलेलं. फेब्रुवारी १९६० मध्ये ही पोरं गोऱ्यांसाठी राखलेल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, आणि मे महिन्यात ती काउंटर उघडली. लॉसन यांना मात्र त्यांच्या विद्यापीठाने, जिथे ते ईश्वरविज्ञान शिकत होते, याच कारणाने काढून टाकलं. पुढे जॉन लुइस खासदार झाले आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगायला काय निवडलं, तर कॉमिकच. अँड्र्यू आयडिन आणि चित्रकार नेट पॉवेल यांच्याबरोबर 'मार्च'चे तीन भाग काढले, पहिला २०१३ मध्ये, आणि तिसऱ्याला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये वारले, पंचाण्णव वर्षांचे होऊन.

आपल्या मराठी मंडळ्यांत मी लॉसन यांचं नाव कधी एका प्रवचनात ऐकलं नाही. मला कळलं ते या कॉमिक्सच्या मागे मागे जात गेले म्हणून. तुमच्या कपाटात 'मार्च'चे तिन्ही भाग आहेत, आणि त्या दहा सेंटवाल्या कॉमिकची नवी आवृत्तीपण आहे.

किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र, १६ एप्रिल १९६३ चं, तेही खुलं पत्रच होतं, आणि ते लिहिलेलं क्लानला नव्हतं. आठ गोऱ्या धर्मगुरूंना लिहिलेलं होतं, चांगल्या, सभ्य माणसांना, ज्यांनी म्हटलं होतं की तुमचं आंदोलन घाईचं आहे, वेळ चुकीची आहे. मी किंग नाही आणि तुम्ही ते आठ जण नाहीत. पण मीटिंगमध्ये 'हे विषय मुलं मोठी झाली की बघू' असं म्हटलं गेलं तेव्हा मला ते पत्र आठवलं, आणि मला गप्प बसल्याची लाज वाटली.

तुमची एक गोष्ट मला मान्य आहे आणि ती मनापासून सांगते. स्ट्रायकरचं पुस्तक लहान मुलांसाठी नाही, झोक्यावरचं ते चित्र दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने बघू नये. ते चौदाच्या वरच्यांसाठी ठेवू, तरुण संघात मी स्वतः बसून वाचून घेईन, आणि पाळकसाहेब, तुम्हीही या, कारण त्या पाळकाबद्दल मुलांना प्रश्न पडले तर उत्तर खऱ्या पाळकाकडून मिळावं. लहान्यांसाठी आधी सुपरमॅनचं काढू. १९४६ मध्ये अमेरिकेत रेडिओवर सुपरमॅन क्लानशी लढतो अशी मालिका झाली होती, तिच्यावरून जीन लुएन यांग यांनी २०१९ मध्ये नवी गोष्ट लिहिली. यांग स्वतः कॅथलिक, कितीतरी वर्षं कॅलिफोर्नियातल्या कॅथलिक शाळेत शिकवत होते. त्यात एक चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येतं, अंगणात जळता क्रॉस उभा राहतो, वडील घरात बायकोला इंग्रजीच बोल म्हणून दटावतात, धाकटी पोर घाबरलेली, आणि सुपरमॅनसुद्धा, कारण तोही परका आहे आणि लपवतोय. पण माझा सगळ्यात आवडता त्यातला चक, ज्याचा काका क्लानचा म्होरक्या आहे. तो मुलगा हळूहळू बदलतो, कुणी ठोसा मारल्यामुळे नाही, शेजारच्या मुलाबरोबर खेळल्यामुळे. आपल्या मुलांना तो चक भेटायला हवा.

मला दोन शनिवार द्या, दुपारी तीन ते पाच, खालचा हॉल चालेल. पहिल्या शनिवारी सुपरमॅन, दुसऱ्या शनिवारी लॉसन आणि नागपूर, आईवडिलांनाही बोलवू. ज्या सभासदांना आक्षेप आहे त्यांनी जरूर यावं, आक्षेप तिथेच मुलांसमोर मांडावा, मुलं ऐकून घेतील, उत्तरंही देतील. आधी पुस्तकं घरी नेऊन वाचायची असतील तर सचिवांकडून किल्ली घेऊन मीच आणून देते, एकेक करून.

आणि ते चित्र. ते फाडलं नव्हतं, नुसतं काढून ठेवलं होतं, ते आता माझ्याकडे आहे. त्या मुलाने नाइटक्रॉलरला आपल्या चर्चच्या बाकावर बसवलंय, डावीकडून तिसऱ्या रांगेत, शेपूट नीट मांडीवर घेतलेली, हातात आपलं गीतांचं पुस्तक, आणि शेजारी जागा रिकामी ठेवलीय. मी त्याला विचारलं होतं की ही जागा कुणाची, तर म्हणाला माझी, मी पाणी प्यायला गेलोय. येत्या रविवारी उपासनेआधी मला ते परत बोर्डावर लावायचंय. टाचण्या मी घेऊन येते, तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची,
संडे स्कूलची एक शिक्षिका